चार कोंबड्यांसाठी वीस लिटर पाणी

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.२०

दुसरी पण गेली. खुराड्याच्या दाराशी, पाय वर. पंधरा दिवसांत दोन.

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. मेलेल्या कोंबडीकडे कमी आणि पाण्याच्या पातेल्याकडे जास्त वेळ बघत होते. म्हणाले, हे पाणी नाही, गटार आहे. कोंबड्या यातच उभ्या राहतात, यातच शिटतात आणि हेच पितात. आतड्याला इन्फेक्शन. पाणी स्वच्छ ठेवा, बाकी काही नको.

मग विचारलं, पाणी भरायचं काम कोणाचं? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वेळापत्रकात माझं नाव आहे हे खरं. पण वेळापत्रक मीच बनवलंय, म्हटल्यावर त्यात माझं नाव असणारच. त्याचा एवढा अर्थ काढायची गरज नव्हती.

सकाळी ९.००

दादाचा फोन. बातमी त्याला कोणी पोचवली कळत नाही. म्हणाला, अजून एक गेली तर गाडी घेऊन येतो आणि बाबांना आणि कोंबड्यांना माझ्याकडे घेऊन जातो.

बाबा दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे आले. आई गेल्यावर एकटे राहत होते. सामान म्हणाल तर एक ट्रंक आणि आईच्या सहा कोंबड्या. आता चार. बाबांना म्हटलं, दादा असं असं म्हणतोय. ते म्हणाले, कोंबड्या जिथे, तिथे मी. बस. माझ्याशी ते साधारण एवढंच बोलतात.

ठीक आहे. घेतलं आव्हान.

मी खोक्यांच्या फॅक्टरीत सेफ्टी ऑफिसर आहे. अकरा वर्षं. चारशे माणसं माझ्या देखरेखीखालचं पाणी पितात. चार कोंबड्या म्हणजे त्याचा एक टक्का.

४ मार्च, मंगळवार

रूट कॉज ॲनालिसिस केलं. पद्धत अशी, की पाच वेळा 'का' विचारायचं.

कोंबडी का मेली? पाणी घाण होतं. का घाण होतं? ती त्यात उभी राहते. का उभी राहते? कोंबडी आहे. का कोंबडी आहे?

इथे थांबलो. चार 'का' पुरे झाले.

निष्कर्ष: दोष पातेल्याचा. जुनं, पसरट, आईच्या वेळचं. सेवेतून बाद करून माळ्यावर टाकलं. ही म्हणाली, अहो, रोज सकाळी घासून ताजं पाणी भरलं असतं तरी चाललं असतं. तिची सूचना 'आलेल्या सूचना' या रकान्यात नोंदवली. ट्रेनिंग नसलेली माणसं अशीच बोलतात, त्यांचा दोष नाही.

६ मार्च, गुरुवार

पत्रेवाल्याकडून टाकी करून घेतली. गॅल्वनाइज्ड पत्रा, वीस लिटर, वर झाकण, खाली गोल पन्हाळीसारखी खोबण. कोंबडीला चोच बुडवता येते, पाय घालता येत नाही. ड्रॉइंग माझं. पत्रेवाल्याने ड्रॉइंग उलटं धरलं होतं, पण टाकी सुलटी झाली.

देताना म्हणाला, साहेब, यात आंबटचिंबट काही घालू नका, पत्रा खराब होतो. म्हटलं, टाकी पाण्याची आहे. यात कोण कशाला आंबट घालेल? काही लोकांना पिशवीत माल देताना सोबत सल्ला पण द्यावाच लागतो.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळी

टाकी बसवली. परसात मधोमध, भरपूर उजेडात, कुठूनही दिसेल अशी. पाटी लावली: 'पिण्याचे पाणी'. खाली बाण.

कोंबड्यांचं इंडक्शन घेतलं. एकेकीला धरून खोबणीपर्यंत नेलं. काळी आणि भुरी आल्या. लंगडीला उचलून आणावं लागलं. मास्तरीण आलीच नाही. ती या चौघींची पुढारी, मान ताठ, चालताना कोणाचा तरी गृहपाठ तपासायला निघाल्यासारखी. तिने मला चोच मारली. अंगठ्यावर. बँडेज लावलं आणि नोंद केली.

बाबा पायरीवर बसून बघत होते. नंतर उठले आणि त्यांनी कोंबड्यांना पाटी मोठ्याने वाचून दाखवली. पिण्याचे पाणी. दोनदा. घरच्यांचं असं सहकार्य मिळालं की बरं वाटतं.

९ मार्च, रविवार

पाणी प्यालेलं: शून्य.

टाकी चमकते. मास्तरीण जवळ जाते, टाकीत दुसरी मास्तरीण दिसते, तिच्याशी भांडते, परत येते. दिवसभर हेच. सुरुवातीच्या अडचणी.

१० मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.००

सहा लिटर!! चार कोंबड्या, सहा लिटर, एका दिवसात!

दादाला फोन केला. आकडा सांगितला. त्याने तो परत दोनदा विचारला. जळला असणार.

११ मार्च, मंगळवार

ही म्हणाली, टाकी गळतेय. खाली चिखल झालाय, बघितलात का? बघितला होता. मला वाटलं, पिताना सांडतात.

पत्रेवाल्याने सांधा परत डाग देऊन बंद केला. जाताना पाटीकडे बघून हसला.

१२ मार्च, बुधवार

पातळी जराही हललेली नाही. काल संध्याकाळी पेन्सिलने रेघ मारली होती. पाणी रेघेवरच.

पण कोंबड्या ठणठणीत. अंडी सुद्धा देतात. ऊन हे असं. पाणी न पिता इतक्या तजेलदार! म्हणजे कोंबडीला पाणी फारसं लागतच नाही असा निष्कर्ष निघू शकतो. हे आधी कोणाच्या लक्षात आलं नसेल का? यावर लिहायला हवं कुठेतरी.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी २.००

नोंद झाली पाहिजे.

सरप्राइज इन्स्पेक्शन. फॅक्टरीत मी नेहमी करतो, घरी पहिल्यांदाच. साडेबाराला हाफ डे टाकून निघालो आणि बोळातून मागच्या बाजूने आलो.

परसात बायको. बाबा. शेजारच्या रिटायर्ड नर्सबाई. तिघं पायरीवर, ओळीने. आणि मधे, माळ्यावरचं ते पातेलं. सेवेतून बाद केलेलं! चारही कोंबड्या त्यातून पाणी पीत होत्या. चोच बुडवायची, मान वर, डोळे मिटायचे. माझ्या टाकीकडे चौघींची पाठ.

बाबा काहीतरी सांगत होते आणि त्या दोघी हसत होत्या. बाबा पण हसत होते. मी फाटक उघडलं. बायकोने पातेलं पदराआड घेतलं. पाण्यासकट. पदर भिजला.

चौकशी केली. ऑफिसला जायला निघालो की नऊ वाजता पातेलं खाली यायचं, घासून भरून ठेवायचं, मी यायच्या आत परत वर. रविवारपासून. रविवारी मी घरीच होतो, म्हटलं. ही म्हणाली, अहो, तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा.

अंघोळीला!

नर्सबाईंना विचारलं, तुमचा यात काय संबंध? त्या म्हणाल्या, मी गंमत बघायला येते. अठ्ठावीस वर्षं वॉर्डात काढली, पण एवढं हसले नव्हते.

लग्नाला चौदा वर्षं झाली. माझ्या मीठ-पाण्यावर वाढलेली कोंबडी एक वेळ समजू शकतो. तशी ती पाण्यावर वाढलेली नाहीच म्हणा. पण बायको! आणि जन्मदाते वडील!

१४ मार्च, शुक्रवार

फॅक्टरीत पाच दिवसांची रजा टाकली. कारण: घरगुती सुरक्षा.

पातेलं जप्त. माझ्या कपाटात, कुलपात. बाकीचे अनधिकृत पाणीसाठे शोधले: कुंड्यांखालच्या बशा चार, वॉशिंग मशीनच्या पाइपाखालचं डबकं एक, गळका नळ एक. सगळे बंद. नर्सबाईंच्या हौदाकडे जायला कुंपणात एक भोक होतं, ते विटांनी बुजवलं. नर्सबाई म्हणाल्या, भोक माझ्या बाजूला होतं. म्हटलं, पाणी पिणाऱ्या माझ्या बाजूच्या होत्या.

आता पाणी एकच. माझं.

१५ मार्च, शनिवार

टाकीत हिरवं शेवाळ. टाकी उन्हात ठेवली की धरतंच म्हणे. झाकण काढून हात घातला तर कोपरापर्यंत बुळबुळीत. बाबा पायरीवर. काही बोलले नाहीत. पण बोलले नाहीत ते मला ऐकू आलं.

मोबाइलवर व्हिडिओ बघितला. एक गृहस्थ, मागे दोनशे कोंबड्या. म्हणाले, पाण्यात थोडं व्हिनेगर घाला, शेवाळ धरत नाही. चार लिटरला एक चमचा. आपल्या वीस लिटरला पाच चमचे.

आमच्या क्षेत्रात फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणून एक प्रकार असतो. दोर शंभर किलोला पुरत असेल तर आपण सहाशेचा घेतो. सहाने गुणायचं. तीस चमचे. मोजताना मधे हिने हाक मारली, आकडा चुकला, म्हणून उरलेली बाटलीच ओतली.

पत्रेवाला आठवला एकदा. पण तो पत्र्याबद्दल बोलला होता, आणि मी विचार करतोय कोंबड्यांचा. पत्रा खराब झाला तर झाला. माणसाने प्राधान्य ठरवावं.

१६ मार्च, रविवार. सकाळी ११.००

पाणी काचेसारखं. शेवाळ नाही, काही नाही. टाकीच्या आतला चमकदारपणा पण गेलाय, त्यामुळे मास्तरिणीला दुसरी मास्तरीण दिसत नाही. एका दगडात दोन पक्षी. (कोंबड्यांच्या बाबतीत ही म्हण नको. खोडली.)

खुर्ची टाकून बसलोय. छत्री लावलीय.

दुपारी १.३०

ऊन कडक. चौघी चोच उघडी टाकून धापा टाकतायत. मी हललो नाही. ही दोनदा दारात आली आणि आत गेली. दुसऱ्यांदा आत गेली ती दार आपटून.

दुपारी ३.१०

लंगडी प्यायली!!! मग काळी. मग भुरी. तोंड वाकडं करून, मान झटकून, पण प्यायल्या. मास्तरीण नाही. ती भिंतीच्या सावलीत बसून माझ्याकडे एका डोळ्याने बघत राहिली. दुसरा डोळा बाबांकडे.

रेघेखाली पाणी उतरलं, मोजून अर्धा लिटर. गळती नाही. मी स्वतः खाली हात लावून बघितला. कोरडं.

दादाला फोटो पाठवला. उत्तर नाही.

१८ मार्च, मंगळवार

लंगडी सकाळपासून खुराड्यातून बाहेर आली नाही. पंख सैल, मान आत. हिरवट शिटतेय. काळीने दोन दिवस अंडं दिलं नाही. ट्रान्झिशन पीरियड असतो. नवीन सिस्टम अंगवळणी पडायला वेळ लागतो. फॅक्टरीत हेल्मेटं आणली तेव्हा पण लोकांना डोकेदुखी झाली होती.

बाबा लंगडीला मांडीवर घेऊन बसलेत. आईची ही सगळ्यात लाडकी, असं ही म्हणाली. मला माहीत नव्हतं. हिला कसं माहीत, विचारलं. म्हणाली, बाबा सांगतात.

मी बाबांना पाण्याचा तक्ता दाखवला, रोजचे आकडे, आलेख. त्यांनी तक्ता बघितला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, तू पिऊन बघ.

म्हटलं, स्टाफचं पाणी वेगळं असतं.

१९ मार्च, बुधवार

ही मला न विचारता डॉक्टरांना घेऊन आली. स्वतः रिक्षाने जाऊन.

डॉक्टरांनी टाकीत बोट घातलं, वास घेतला, आत टॉर्च मारला. विचारलं, यात काय घातलंय? सांगितलं. किती? सांगितलं. टाकी कशाची? सांगितलं. ते खाली बसले. जमिनीवर, पँटीची पर्वा न करता.

म्हणाले, पत्र्यावर जस्ताचा थर असतो. आंबट पडलं की जस्त सुटतं आणि पाण्यात उतरतं. प्लॅस्टिकच्या भांड्यात एक चमचा घातला असतात तर काही झालं नसतं. तुम्ही या बायांना चार दिवस जस्त पाजलंय. साहेब, त्या दिवशीचं गटार परवडलं.

मी म्हटलं, पण पाणी दिसायला स्वच्छ होतं. ते म्हणाले, हो, विष बहुतेक वेळा स्वच्छच असतं.

लंगडीला औषध दिलं. ड्रॉपरने, दर दोन तासांनी. वाचेल की नाही, उद्यापर्यंत कळेल. मास्तरिणीला काही झालेलं नाही, कारण ती प्यायलीच नाही. मग चार दिवस जगली कशावर, असं मी विचारलं. त्यावर नर्सबाई कुंपणापलीकडून खोकल्या.

कुंपणाच्या भिंतीवरून! वाटीने पाणी पाजलं! माझी खुर्ची तिथून सहा फुटांवर होती.

बायकोने माझ्या कपाटाचं कुलूप उघडून पातेलं काढलं. किल्ली कुठे ठेवतो हे तिला माहीत आहे. या घरात माझं एकही गुपित सुरक्षित नाही.

२० मार्च, गुरुवार

अपघात चौकशी अहवाल. दोषी: १. व्हिडिओवाले गृहस्थ, टाकी कशाची हे न विचारल्याबद्दल. २. पत्रेवाला, सूचना लेखी न दिल्याबद्दल. ३. व्हिनेगर कंपनी, बाटलीवर कोंबडीचं चित्र आणि त्यावर फुली नाही म्हणून. ४.

चौथा मुद्दा सुचला नाही.

संध्याकाळी ६.४५

टाकी रिकामी करायला गेलो. परसात कोणी नव्हतं. एक पेला भरला. प्यायलो.

चव: खिळा चोखल्यासारखी. जीभ आत ओढली जाते. एक घोट गेला, दुसरा गेला नाही. उलटी एक.

लंगडीने रणरणत्या उन्हात या पाण्यावर दिवस काढले, आणि मी छत्रीखाली बसून आकडे लिहीत होतो.

अहवालात घेतलं नाही. अहवालात चव हा रकाना नसतो.

२१ मार्च, शुक्रवार

लंगडी उभी राहिली! दोन दाणे खाल्ले!

म्हणजे मेली नाही. दादाची अट स्पष्ट होती: अजून एक गेली तर. गेलेली नाही. चार होत्या, चार आहेत. अटीचा भंग झालेला नाही. बाबा इथेच राहणार. शेवट गोड.

बाबांना जाऊन हे समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी एकेचाळीस वर्षांचा आहे. पण हात काढेपर्यंत हललो नाही.

२२ मार्च, शनिवार

बाबांनी दादाला फोन केला. स्वतः. नर्सबाईंच्या फोनवरून, मला कळू नये म्हणून. उद्या गाडी येतेय.

कोणी मेलं नाही तरी.

अट मोडली नसताना करार मोडणं याला काय म्हणतात, माहीत नाही. दादाने केलं असतं तर समजू शकलो असतो. बाबांनीच?

हिला म्हटलं, तू तरी थांबव त्यांना. ती म्हणाली, मी परवापासून थांबवतेय. तुम्हाला आज कळलं.

२३ मार्च, रविवार

दादा आला. टोमणा मारला नाही. एकही नाही. दोन तास वाट बघितली मी. उत्तरं तयार होती, सगळी वाया गेली. उलट जाताना पाठीवर थाप मारून म्हणाला, होतं रे असं. शत्रूने सुद्धा एवढं करू नये.

ट्रंक डिकीत. कोंबड्यांचं खोकं मागच्या सीटवर, बाबांच्या शेजारी. खोकं आमच्याच फॅक्टरीचं. बाबांना फाइल दिली, 'कुक्कुट पेयजल: कार्यपद्धती', एकोणीस पानं. त्यांनी घेतली, आभार मानले आणि सीट घाण होऊ नये म्हणून खोक्याखाली घातली.

गाडी वळेपर्यंत मास्तरीण खोक्याच्या भोकातून बाहेर बघत होती. दुसऱ्या दिशेला.

ही रडत आत गेली. मी म्हटलं, फोन करत जाऊ. ती म्हणाली, तुम्हाला माहितीय का बाबा दिवसभर कोंबड्यांशी काय बोलायचे? म्हटलं, नाही. म्हणाली, आज जेवायला काय होतं, कोण आलं, कोण गेलं, तुम्ही कितीला घरी आलात, दमलेले दिसलात का. आईंना सांगायचे तसं सगळं. वीस दिवस खुर्ची टाकून बसलात तिथे, एकदा तरी कान दिलात?

म्हटलं, ते माझ्या स्कोपमध्ये नव्हतं.

(खुर्ची तीनच दिवस होती. पण दुरुस्ती सुचवायची ती वेळ नव्हती.)

३० मार्च, रविवार. रात्री घरी आल्यावर

दादाकडे जाऊन आलो. ही म्हणाली, एकटे जा.

मागच्या अंगणात घमेलं. साधं, प्लॅस्टिकचं, काठ चिरलेला. त्यात पाणी, पाण्यात लंगडीचा एक पाय. मी काही बोललो नाही. जवळजवळ पाच मिनिटं.

बाबा खाटेवर. तब्येत चांगली. बोलत होते, माझ्याशी नाही, पण मी असताना. मास्तरीण शेजारी बसलेली. बाबा तिला म्हणाले, हा आमचा धाकटा. आलाय बघ, उन्हातून. वाळलाय जरा. मग मला म्हणाले, बस. बसलो. तासभर बसलो. या वेळी ऐकलं. नळाला सकाळी पाणी नव्हतं. वहिनीचं गुडघ्याचं दुखणं वाढलंय. दादाच्या धाकट्याचा दात पडला. असं चाललं होतं. मधूनच बाबा थांबायचे, मास्तरीण मान तिरकी करायची, आणि पुढे सुरू.

निघताना विचारलं, बाबा, परत कधी येताय?

बाबा मास्तरिणीकडे वळून म्हणाले, काय गं, हा विचारतोय, जायचं का परत याच्याकडे?

तिने माझ्याकडे बघितलं. आधी डाव्या डोळ्याने. मग मान फिरवून उजव्या डोळ्याने. मग उठली, अंग झाडलं आणि खाटेखाली जाऊन बसली.

बाबा म्हणाले, आज तिचं मन दिसत नाही. पुढच्या रविवारी ये, परत विचारू.

बसमध्ये पूर्ण वेळ विचार केला. नाही असं कोणी म्हणालेलं नाही. निर्णय फक्त पेंडिंग आहे. एका कोंबडीकडे.